बकरमचा खुबा

मास्तरांच्या दुकानात आरसा नव्हता. भांडुपला टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीपासून दहा-बारा गाळे खाली त्यांचं दुकान होतं. बाहेर पाटी ‘फक्त जेन्ट्स’, आत एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि खिळ्याला दोरीने टांगलेली मापाच्या वह्यांची चळत. ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक सवयीने इकडेतिकडे बघायचं आणि विचारायचं, “मास्तर, आरसा कुठाय?” की मास्तर भडकलेच.

“आरसो तुका तुझा तोंड दाखयता. माका तुझी चाल बघूची आसा. जा, गिरणीपर्यंत जाऊन ये.”

मग माणूस साठीचा असो की सोळाचा, कच्चे टाके घातलेल्या पँटमध्ये त्याला भर रस्त्यातून गिरणीपर्यंत जाऊन परत यावं लागे. मास्तर तोंडात टाचण्या धरून, डोळे बारीक करून दारात उभे. एकदा एका नवऱ्या मुलाने माप देताना पोट आत ओढलं. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली, मशीनवर जाऊन बसले आणि चहा मागवला. नवरदेव पोट आत ओढून उभा. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटी बिचाऱ्याचा श्वास सुटला तसे मास्तर उठले.

“हां, आता इलस. लग्नात जेवतलस काय असोच उभो रवतलस?”

त्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. चहा पितानाही पाय मशीनच्या पायट्यावर. सुईखाली कापड नसलं तरी चाक गरगरत असायचं. शिवून झालेला कपडा दुकानात पडून राहिलेला त्यांना बघवत नसे. शनिवारचा वायदा असला तर गुरुवारी सकाळीच पिशवी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात हजर, आणि गिऱ्हाईक अंघोळीला गेलेलं असलं तर जिन्यात येरझाऱ्या. बाजारात एखाद्या अनोळखी माणसाची कॉलर मागून धरून “ह्या कोणी शिवल्यान?” असं विचारताना मी त्यांना स्वतः पाहिलंय. मार खायचे एखाद दिवस, पण वाचले.

त्यांच्या वहीत मापांपुढे शेरे असत. ‘उजवा खांदा पडेल, पोस्टमन.’ ‘मागून सपाट, ड्रायव्हर.’ ‘चालताना रागावतो.’ सगळ्यांबद्दल त्यांचं एकच मत होतं, आणि ते ते कुणालाही, कधीही ऐकवत. “सरळ माणूस मी अजून बघलंय नाय. देवान सगळ्यांका नजरअंदाजान कापल्यान. सारखा करूचा काम टेलराचा.”

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दहा वर्षांची होते. तान्ही असताना माझ्या डाव्या खुब्यात पू झाला होता. जीव वाचला, पण तो पाय उजव्याच्या मागे पडला आणि वाढता वाढता मागेच पडत गेला. कंबर डावीकडे कलायची, त्यामुळे शाळेचा स्कर्टही डावीकडे लोंबायचा. आमच्या गल्लीतल्या लेडीज टेलर बाईंनी तीनदा उसवून शिवला आणि शेवटी आईला म्हणाल्या, “पोरीला नीट उभी राहायला शिकवा आधी.” आईने माझा हात धरला आणि तरातरा, मला झेपत नाही हेही विसरून, मास्तरांच्या दुकानापर्यंत ओढत आणलं.

“पाटी जेन्ट्सची आहे, माहीत्ये मला,” आई म्हणाली, “पण तुम्ही बघा तरी.”

मास्तरांनी मला गिरणीपर्यंत पाठवलं. परत आले तेव्हा त्यांच्या तोंडातल्या टाचण्या टेबलावर होत्या. “पाटी गिऱ्हाइकांसाठी आसा,” ते म्हणाले. “ह्या चेडू गिऱ्हाईक नाय. ह्या काम आसा.”

त्यांनी मला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं. सुताराकडून आणलेल्या अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फळ्या होत्या, त्या ते माझ्या डाव्या पायाखाली एकेक सरकवत गेले, आणि दोन्ही हातांची बोटं माझ्या कमरेच्या हाडांवर ठेवून बघत राहिले. दोन फळ्यांवर दोन्ही बोटं एका रेषेत आली. वहीत ‘२’ लिहिलं. पुढे दर वर्षी जूनच्या आधी हा कार्यक्रम व्हायचा. दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या चार, कॉलेजात जाईपर्यंत पाच. तो स्कर्ट त्यांनी डावीकडे आखूड, उजवीकडे लांब असा वाकडाच कापला, आणि माझ्या अंगावर त्याची कड पहिल्यांदा जमिनीशी सारखी आली. आईला दुकानातच रडू कोसळलं. “बाजूक हो गो, कापडावर सावली पडता,” मास्तर खेकसले.

स्कर्टनंतर सलवारी झाल्या. मग दिव्यांग कोट्यातून मुलुंडला एका कार्यालयात नोकरी लागली आणि मी पँटवर आले. बुटाच्या आत उंच टाच घालायचे, पण तिने जेमतेम इंचभर भागायचं, बाकीचं कमरेवर. पँटचा पट्टा डावीकडे घसरायचा. मास्तर पंधरा दिवस त्या एका पँटच्या मागे होते. मग त्यांनी पट्ट्याच्या आत, डाव्या कमरेवर, एक गादी शिवली. गादी म्हणजे बकरमचे सहा पदर. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते बकरम. त्यावर कापसाचा पातळ थर, वरून अस्तर. मी म्हटलं टोचतंय, मऊ करा. “मऊ केला तर दाबता. दाबला काय खोटा दिसता.” खरंच, हात लावला तर हाडच वाटायचं. ती पँट हँगरला टांगली तरी तिला एक खुबा असे.

ती घालून मी पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तर कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारलं नाही, “पायाला काय झालं?” मला इतका आनंद झाला होता की जेवणाच्या सुट्टीत मी उगाच तिसऱ्या टेबलापर्यंत जाऊन पाणी पिऊन आले, दोनदा. नंतरच्या सगळ्या पँटी तशाच. महिनाभराने मी गादी विसरूनही गेले.

हा विसरच पुढे माझ्या मुळावर आला.

झालं असं, की कोट्यातल्या सगळ्यांनी नव्याने तपासणी करून ऑनलाइन कार्ड आणावं असं फर्मान निघालं. माझ्याकडे जुना कागदी दाखला होता, त्यावर बेचाळीस टक्के. चाळीस किंवा त्याच्या वर असलं की कायद्याच्या लेखी तुम्ही कोट्यात बसता, खाली आलं की नाही. मला काळजीचं काही वाटलं नाही. पाय तोच, मी तीच.

आणि मी त्या तपासणीला कशी गेले? परीक्षेला जावी तशी. केस धुतलेले, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि पँट राखाडी, मास्तरांच्या हातची सगळ्यात चांगली. डॉक्टरकडे जाताना स्वच्छ, टापटीप जायचं हे आईने लहानपणीच ठोकून ठोकून बसवलेलं. लहान होते तेव्हापासून दर डॉक्टरने मला ‘शाब्बास’ म्हणावं म्हणून मी दात-ओठ खाऊन पाय वाकवत आले होते. सवय कुठे जाते?

बाहेर पन्नास-साठ माणसं. आत एक तरुण डॉक्टर, डोळे तारवटलेले, सकाळपासून बहुधा पाणीही प्यायला नसावा.

“चालून दाखवा.” मी चालले. झकास चालले.

“झोपा. बेल्ट सैल करा फक्त.” त्याने पँटवरूनच कमरेचं हाड चाचपलं, टेप लावली, घोट्यापर्यंत नेली. दुसऱ्या बाजूलाही तसंच. “गुडघा पोटाकडे घ्या, होईल तेवढा.” मी डोळ्यात पाणी येईपर्यंत घेतला.

“जिना चढता?”

“हो, चढते ना.”

“काही त्रास?”

“नाही सर. ठीक आहे सगळं.”

ठीक आहे सगळं! अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आपण देवळात, दवाखान्यात, साहेबांपुढे, सगळीकडे हेच तर म्हणतो.

दोन आठवड्यांनी आकडा आला. एकतीस.

कार्यालयातून पत्र आलं, खुलासा करा. त्याच्या जोडीला एक निनावी तक्रारही आली होती, स्नेहसंमेलनातल्या व्हिडिओसकट. व्हिडिओत मी स्टेजवर जाऊन नारळ घेते आणि खाली उतरते. एवढंच. पण काय सरळ उतरते! खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे दिव्यांग?’ म्हणजे प्रश्न नुसता नोकरीचा नव्हता. अठरा वर्षं मी एका खऱ्या लंगड्या माणसाची जागा चोरून बसले होते असा त्याचा अर्थ. कॅन्टीनमध्ये मी गेले की बोलणं थांबायला लागलं. जेवण जाईना. घरात मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसत्या फेऱ्या मारायचे, पाय ठणकेपर्यंत, आणि ठणकला की उलट बरं वाटायचं, की बघा, दुखतोय तर खरा.

तपासणीचा कागद घेऊन मी मास्तरांकडे गेले. कागदावर दोन पायांतला फरक लिहिला होता, एक इंच.

“एक?” मास्तर म्हणाले. “एक कसो? पाच फळ्ये लागतत तुका.” मग ते थांबले. मशीनचं चाकही थांबलं. “खयली पँट घातललंस?”

“ही काय, राखाडी.”

त्यांनी टेबलाच्या या बाजूला येऊन माझ्या डाव्या कमरेवर बोटाने टकटक केलं. पदरांवर पदर, टणक. त्या बिचाऱ्या डॉक्टरने बकरमला हाड समजून तिथून टेप धरली होती. हाडापेक्षा दीड इंच वरून.

आणि मास्तर हसले. नुसते हसले नाहीत, खूश झाले! डोळे पुसत म्हणाले, “डॉक्टराक पण कळला नाय? गो, डॉक्टराक! शिकलेल्या माणसाक!” बाजूच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून सांगायला निघाले.

माझं डोकंच फिरलं. मी तिथेच, रस्त्यावर ऐकू जाईल अशी ओरडले, “माझी नोकरी चाललीय मास्तर, आणि तुम्हाला तुमच्या शिवणाचं पडलंय! लोक मला चोर म्हणतायत! तुमच्यामुळे!” कागद त्यांच्या टेबलावरून ओढून घेतला आणि निघाले. तुमच्यामुळे म्हणाले मी, तीस वर्षं ज्या माणसाने मला चारचौघांत उभं केलं त्याला. आणि मला ते त्या क्षणी खरंच वाटत होतं, हेही लिहायलाच हवं.

आठ दिवस मी त्या रस्त्याने गेले नाही. नवव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर मास्तर जिन्यात येरझाऱ्या घालत होते. हातात पिशवी. पिशवीत माझ्या सगळ्या वर्षांच्या मापांच्या वह्या आणि पाच फळ्या.

“अपील आसता काय ह्याच्यावर?”

“असतं. मुदत आहे. मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्या डॉक्टरांपुढे जावं लागतं.”

“मग कर. आणि माका घेऊन जा. गादी मी शिवलंय, मीच सांगतलंय.”

अर्ज केला. मग वाट बघणं सुरू झालं. हे दीड-दोन महिने मास्तरांनी मला पार पिडलं. रोज संध्याकाळी दुकानावरून जाताना अडवायचे. “आज स्टेशनच्या पुलावर किती वेळा थांबलंस?”

“नाही थांबले.”

“खोटा. तीन दिस मागसून इलंय मी. तीनदा थांबलंस. फोन काढून बघल्यासारखा केलंस.”

म्हातारा माझा पाठलाग करत होता! तीन दिवस! मी रागाने लाल झाले, आणि त्याहून जास्त शरमेने, कारण ते खरं होतं. पुलावर मी तीनदा थांबते. दरवेळी फोन काढते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाई मेसेज वाचतेय. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नव्हती, आईलाही नाही.

“ह्या डॉक्टराक सांग,” मास्तर म्हणाले.

“असं कसं सांगायचं? रडगाणं वाटतं ते.”

“रडू नको. माप सांग. तीनदा थांबलंय, इतक्याच.”

तारीख आली तशी मला वेगळीच भीती वाटायला लागली. समजा याही डॉक्टरला मी सरळ दिसले तर? मी मास्तरांना म्हटलं, “एक पँट वाकडी शिवून द्या. गादी नको, काही नको. लोंबू दे डावीकडे.”

त्यांच्या हातातली कात्री खाली आली. “वाकडी?”

“एकच. अपीलपुरती.”

“नाय.” कापडावर खडूची रेघ ओढत राहिले, मग ती रेघ पुसून परत ओढली. “खोटा दाखवूचा नाय गो. वाढवून नाय, कमी करून पण नाय. तिकडे गाऊन देतत ना हॉस्पिटलात? तो माग. त्यांनी नाय दिलो तरी माग. अंगावर माझा एक टाको पण नको.”

मोठ्या हॉस्पिटलात त्या दिवशी मास्तर माझ्या आधी जाऊन बसले होते, सफारी सूट घालून, मांडीवर पिशवी. मी गाऊन मागितला. नर्स म्हणाली, कशाला, लगेच होईल. मी म्हटलं, हवाच. तिने तोंड वाकडं करून दिला. फिकट हिरवा, शंभरदा धुतलेला, बंद तुटलेला. तो घालून आरशापुढून जाताना मी स्वतःला पाहिलं आणि थबकलेच. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे. ही बाई मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिची मला दया नाही आली, लाजच वाटली, आणि मग लाज वाटल्याची लाज.

तीन डॉक्टर होते. मधल्या बाई वयस्क, चष्मा गळ्यात. पडद्याच्या पलीकडे बाकावर मास्तर.

“चालून दाखवा.” चालले. “जिना चढता येतो?”

आणि मी, दोन महिने ऐकून, पढून, काय म्हणावं? “हो मॅडम, येतो.”

“तीनदा थांबता ती!” पडद्यामागून गर्जना आली. “खोटा सांगता! तीनदा!”

वॉर्डबॉय धावला. बाहेर झटापट, पिशवी पडल्याचा, फळ्या विखुरल्याचा आवाज. “अरे हात सोड, मी मोजलंय, वही आसा माझ्याकडे!”

डॉक्टर बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “हे कोण? वडील?”

“नाही. टेलर आहेत माझे.”

“टेलर?”

“हो.”

त्या वॉर्डबॉयला म्हणाल्या, “त्यांना बसू दे बाहेर. ढकलू नकोस.” आणि मला, “तुम्ही आता मला खरं सांगा. कितीदा थांबता?”

मग मी बोलले. पुलाचं सांगितलं, फोनचं सांगितलं. गादीचं सांगितलं. मागच्या तपासणीत हाड म्हणून काय मोजलं गेलं ते सांगितलं. खाली मांडी घालून बसले तर उठताना टेबलाचा पाय धरावा लागतो, आणि म्हणून मी लग्नात पंगतीला बसत नाही, उपवास आहे म्हणते. माझी मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत मी तिला उभ्याने एकदाही उचलली नाही. बसून घ्यायचे, बसूनच ठेवायचे, आणि घरात सांगितलं होतं की पाठ दुखते. हे बोलताना मला रडू फुटलं. मास्तरांनी रडू नको म्हणून बजावलं होतं, पण ते फुटलंच. बाई लिहीत होत्या. मध्ये एकदाच त्यांनी पेन थांबवलं आणि म्हणाल्या, “हे आधी कुणी विचारलंच नाही का तुम्हाला?”

विचारलं होतं ना. मीच ‘ठीक आहे’ म्हणाले होते.

उभ्याने एक्स-रे काढला, दोन्ही पायांचा. डॉक्टर बाई फिल्म घेऊन स्वतः बाहेर आल्या. मास्तर उठून उभे राहिले.

“किती इला?”

“अडीच इंच,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “अडीच इंच आणि एक सूत,” ते नाराजीने म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाईंनी फिल्म खिडकीकडे धरली, पट्टी लावली, परत बघितली. हसल्या नाहीत. “बरोबर आहे,” म्हणाल्या. नंतर मास्तर पिशवीशी खुडबुडत राहिले आणि एकदम हात जोडून म्हणाले, “डॉक्टरीण बाय, पहिल्या डॉक्टराची चूक नाय. गादी मी इतकी सफाईन शिवलंय. ह्या चेडवान फसवल्यान नाय कोणाक. फसवलंय मी.” इतक्या वर्षांत त्यांना मी कुणापुढे हात जोडताना बघितलं नव्हतं. माझा सगळा राग तिथेच गेला.

कार्ड आलं. चव्वेचाळीस टक्के, कायमस्वरूपी. कार्यालयाने चौकशी बंद केल्याचं पत्र दिलं. आमच्या अधीक्षक बाई मनाने वाईट नाहीत. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, अभिनंदन केलं, आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाल्या, “एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नकोस. आता जरा तसं चालत जा.”

“तसं म्हणजे?”

“म्हणजे... दिसू दे ना लोकांना. तक्रार करणारा इथेच कुठेतरी बसलाय. पुन्हा व्हिडिओ काढील. पुन्हा तपासणी, पुन्हा सगळं. कशाला?”

मी हो म्हणाले. रागावून भांडायला हवं होतं, पण दोन महिन्यांत माझ्यात भांडण उरलं नव्हतं. जाता जाता बाजारातून दोन तयार पँटी घेतल्या. सोमवारी त्यातली एक घालून, गादीशिवाय, पट्टा डावीकडे घसरलेला, अशी मी कार्यालयाच्या दारातून आत शिरले. सगळे बघत होते. मी सगळ्यांच्या मधून माझ्या टेबलापर्यंत गेले.

त्या संध्याकाळी मास्तरांना कार्ड दाखवायला गेले. त्यांनी आधी कार्ड बघितलंच नाही. माझी पँट बघितली.

“ही कोणी शिवल्यान?”

“तयार आहे. विकत घेतली.” आणि मग सांगणं भागच होतं. “मास्तर, तुमची आता ऑफिसला नाही घालता येणार.”

का, ते मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. मशीनवर जाऊन बसले. पायटा हलला नाही. त्यांची सगळ्यात नीट, सगळ्यात अवघड कामगिरी, तीस वर्षं करत आणलेली, आणि ती चांगली झाली हाच तिचा गुन्हा ठरला होता.

“रविवार?” मास्तरांनी विचारलं.

“रविवारी सुट्टी असते.”

“मग रविवारी घाल. रविवारी कोण मोजूक येता?”

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी मला न विचारता चार पँटी शिवून घरी आणून दिल्या. काळी, राखाडी, निळी, आणि एक बदामी रंगाची, जी मी कधी मागितली नसती. चारही पँटींच्या कमरेला बकरमचे सहा पदर. “पुरवून पुरवून घाल,” शेवटची देताना म्हणाले. त्या वर्षी गणपतीला ते गावी गेले आणि तिकडेच वारले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात.

मी बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत टेलर पालथे घातले. एक म्हणाला, मॅडम, एवढी मेहनत कोण करतं, लाँग कुर्ता घाला ना वरून. दुसऱ्याने स्पंज घातला, तो पहिल्या दिवशीच दबला.

सोमवार ते शनिवार मी लंगडते. खरंच लंगडते, नाटक नाही. पण सगळ्यांना दिसेल असं. रविवारी सकाळी मास्तरांची पँट घालते आणि मुलीला घेऊन भाजीला जाते, सरळ, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काळी मागच्या वर्षी फाटली. राखाडी आणि निळी बसायच्या जागी विरत आल्यात, मी आतून ठिगळं लावून चालवते. बदामी अजून धड आहे. ती गेली की मग मला रविवारीही लंगडावं लागेल.